वीतभर पाणी

"देव कुठायत?" मी विचारलं.

"पाण्यात," आई म्हणाली. ती कणीक मळत होती आणि कणकेतून हात काढावा इतका हा प्रश्न तिला मोठा वाटला नव्हता.

मी दवाखान्यातून चादरी न्यायला घरी आलो होतो. मधल्या खोलीत देव्हारा रिकामा होता. खाली तांब्याचं घंगाळ ठेवलेलं, त्यात वीतभर पाणी आणि तळाशी आमच्या घरातलं समस्त दैवत. खंडोबा, भवानी, जोतिबा, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि शिवाय टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली अंगठ्याएवढी आकृती. देवांचे असतात तसे घरातल्या गेलेल्या माणसांचेही असतात. आमच्याकडे देव आणि मेलेली माणसं एकाच तबकात राहतात. दोन्ही बाजूंनी कधी तक्रार आल्याचं ऐकलं नाही.

"किती दिवस ठेवणार?"

"हे बरे होईस्तोवर."

"आणि नाही झाले तर?"

"तर त्यांनी तरी वर येऊन काय करायचंय?"

देव पाण्यात घालणं हा आमच्या भागातला जुना उपाय. उपोषणाच्याच जातीचा, पण जास्त व्यवहारी. उपोषणात माणूस स्वतःचे हाल करून सरकारला पाझर फुटायची वाट बघतो. इथे थेट सरकारलाच बुडवून ठेवतात.

"बरे झाले हे ठरवणार कोण? डॉक्टर?"

"यांनी यांच्या उजव्या हातानं देव बाहेर काढायचे. तसं बोलूनच घातलेत मी."

हे ऐकून मी चादरी घेतल्या आणि निघालो. अण्णांची उजवी बाजू पार गेली होती. हात, पाय, अर्धं तोंड आणि सगळं बोलणं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं, बाकीचं विसरायचं. आईला त्यांनी हेच जरा गोड करून सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन त्यांच्याही वरच्या साहेबांना पाण्यात घातलं.

अण्णा वीज मंडळात लाइनमन होते. वडूजच्या आसपास असा खांब नसेल ज्यावर ते चढले नव्हते. बोलणं मोजकं, चेहरा कोरा. देवाचं नाव निघालं की म्हणायचे, "तारेचा झटका मला बसलाय. तुमच्या देवाचा अजून नाही." देवपूजा आईकडे, फ्यूज त्यांच्याकडे, अशी घरात सरळ वाटणी होती. मी गावातल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो, म्हणजे माझा कशावरच विश्वास नव्हता.

अण्णांना घरी आणलं तेव्हा खाट मधल्या खोलीत टाकली, कारण छताचा पंखा तिथेच होता. देव्हाराही तिथेच. दार, खिडकी आणि पंखा यांचा मेळ घालता खाट एकाच पद्धतीनं बसत होती, त्यामुळे अण्णांचा मेलेला हात घंगाळाच्या बाजूला आला. यात कुणाचीही योजना नव्हती. निदान तेव्हा नव्हती.

आईनं मग जे आरंभलं त्याला श्रद्धा म्हणावं की हट्ट, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हीला कष्ट सारखेच पडतात. सकाळी तेल, दुपारी शेक, संध्याकाळी पुन्हा तेल. ती त्या हाताची बोटं एकेक उघडायची, मिटायची, उघडायची. जेवताना भाकरीचा तुकडा त्याच हाताच्या मुठीत धरवायची, आपल्या हातानं ती मूठ उचलून त्यांच्या तोंडाशी न्यायची. डाव्या हातानं अण्णा पटकन जेवले असते. पण डावा हात पुढं आला की ती त्यावर चापट मारायची.

"त्याला काय होतंय? तो धडधाकट हाय," ती म्हणायची. "आधी आजाऱ्याला जेवू दे."

घंगाळातलं पाणी ती बदलत नसे. देव उघडे पडायला नकोत. नुसती वरून भर घालायची. आमच्या नगरपंचायतीचं पाणी बादलीत दोन दिवस राहिलं तर हिरवं पडतं, त्यात डास होतात. हे पाणी महिनाभर तसंच राहिलं, काचेसारखं. मी म्हटलं, तांब्यानं जंतू मरतात. शास्त्रात याला आधार आहे.

मग बोटांचं झालं. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं टोकाशी सुरकुतली. धुणं धुतल्यावर बाईची होतात तशी, पांढरी आणि चुरगळलेली. डावा हात कोरडा ठणठणीत. डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांनी तो हात उजेडात धरला.

"पाण्यात ठेवता काय याला?"

"नाही," मी म्हटलं.

"मग असा का?"

"तेच तुम्हाला विचारायचं होतं."

डॉक्टरांनी हात परत चादरीखाली ठेवला, अगदी जपून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. "रक्ताभिसरण," ते म्हणाले. मला समाधान वाटलं. एखाद्या गोष्टीला एवढा लांब शब्द असेल तर तिला अर्थही असणारच.

पहिलं बोट हललं ते भर दुपारी. मी दारातल्या खुर्चीत पेपर वाचत होतो. आई तांब्यानं घंगाळात भर घालत होती, बारीक धारेनं, आवाज होईल न होईल अशी. अण्णांचं करंगळीशेजारचं बोट उचललं गेलं आणि खाली आलं.

"आई," मी म्हटलं.

तिनंही पाहिलं होतं. तिनं धार थांबवली. बोट थांबलं. तिनं पुन्हा धार सोडली. बोट पुन्हा उचललं.

मला वाटलं ती रडेल, हात जोडेल, निदान शेजारणींना तरी हाक मारेल. ती नुसती घंगाळात बघत राहिली. बराच वेळ. मग तांब्या पालथा घालून स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

त्यानंतर घरात काही गोष्टी सुरू झाल्या, ज्या मी एकेकट्या सहज समजावून देऊ शकत होतो. मधल्या खोलीत ओल्या केसांचा वास यायचा. आई तर शुक्रवारी न्हायची. मी म्हटलं, भिंतीला ओल आली असेल. उन्हाळ्यात भिंतीला ओल येत नाही हे मला माहीत होतं, पण शास्त्रात अपवाद असतात. दुपारी मी तिथे वाचत पडलो की कधीकधी एक आवाज व्हायचा. खूप वेळ पाण्याखाली राहून डोकं वर काढल्यावर माणूस जो पहिला श्वास ओढतो, तसा. मी वळून बघायचो तेव्हा अण्णा झोपलेले असायचे आणि घंगाळातल्या पाण्यावर एक गोल तरंग काठाकडे निघालेला असायचा. पंखा चालू असायचा, हे सांगायला हवं. वीज असेल तेव्हा.

बोलणं परत आलं ते एका शब्दानं सुरू झालं. "गार."

आई धावत पांघरूण घेऊन आली. अण्णांनी मान हलवली. त्यांना नको होतं. तोंडाची चांगली बाजू वाईट बाजूला ओढत त्यांनी जमवाजमव केली आणि म्हणाले, "तिला. तिला गार लागतंय."

एप्रिलचा महिना होता. कौलं तडतडत होती.

"तुझ्याबद्दल बोलतायत," मी आईला म्हटलं. मला खरंच भरून आलं होतं. जन्मात अण्णांनी तिची अशी विचारपूस केलेली मी ऐकली नव्हती.

आईनं घामेजल्या अंगावर दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि ती त्यांच्या समोर उभी राहिली. "आता नाही लागत," ती म्हणाली. "घेतला बघा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. अनोळखी घरात चुकून शिरलेला माणूस त्या घरच्या बाईकडे बघतो, तेवढ्याच अदबीनं. मग मान वळवली आणि घंगाळाकडे बघत म्हणाले, "तिला गार लागतंय."

आई पदर तसाच ठेवून कामाला लागली.

हात मात्र सुधारत होता, यात वाद नव्हता. आधी मनगट वळलं. मग कोपर. मग एक दिवस अख्खा हात खाटेवरून बाहेर आला आणि खाली लोंबला, घंगाळाच्या दिशेनं. दर आठवड्याला तो जरा पुढे जात होता. अण्णा दिवसभर त्याच कामाला लागलेले असत. कपाळावर घाम, दात आवळलेले. खांबावर चढून तुटलेली तार पकडताना त्यांचा चेहरा असा व्हायचा.

डॉक्टर खूश झाले. "असा रोगी मी पाहिला नाही. समोर काहीतरी धरत जा त्यांच्या. हात पुढं करायला माणसाला कारण लागतं."

"कारण हाय," आई म्हणाली.

गावातले लोक बघायला यायला लागले. देव पाण्यात घातले आणि हात उठला, ही बातमी माझ्या कॉलेजातही पोचली. प्राचार्यांनी मला बोलावून, आपण विज्ञाननिष्ठ असलं पाहिजे असं सांगितलं आणि घंगाळ तांब्याचंच लागतं की स्टीलचं चालतं, असंही विचारलं.

त्या सुमारास चंद्राआत्या आली. अण्णांची थोरली बहीण. खेड्यावरून एसटीनं, पिशवीत शेंगा घेऊन. आल्या आल्या तिनं भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नाक शिंकरलं, आईला म्हणाली, "वाळलीस गं शेवंते. तसं तुझ्या अंगावर व्हतं काय म्हणा." मग देवांचं दर्शन घ्यायला वाकली.

वाकली ती वाकलेलीच राहिली.

"शेवंते," ती हळू म्हणाली, "हिला पण घातलीस?"

"कुणाला वन्सं?"

"हौसाला."

मीही वाकून पाहिलं. बाळकृष्णाच्या पलीकडे, भवानीला टेकून एक लहानसा टाक पडला होता. साधी बाईची आकृती, दोन्ही हात अंगाशी. मी लहानपणापासून तो बघत होतो आणि कुठलीतरी देवी असेल म्हणून सोडून दिला होता.

अण्णांचं आधी एक लग्न झालं होतं आणि ती बाई लवकर गेली, एवढं मला ठाऊक होतं. जिल्ह्याच्या जुन्या हद्दी ठाऊक असतात, तसं. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा, तिला रोज आधी कुंकू लावायचं, तिच्या आधी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नाहीतर पहिली सुखानं नांदू देत नाही म्हणतात. आईनंही घातला होता. माझ्या वेळी बाळंतपणात दोरा तुटला, तेव्हा तो टाक देव्हाऱ्यात गेला आणि मग तिथेच राहिला.

"कशी गेली ती?" मी विचारलं.

आत्या जमिनीवर बसली. तिनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"मळ्यातल्या विहिरीत. लगीन होऊन वरीसबी झालं नव्हतं. मी म्हायेरपणाला आल्ते. घागर भरायला ती पायऱ्या उतारली आन पाय घसारला. ह्यो निवरत्या तितंच व्हता. ह्यो खालच्या पायरीवर पालथा पडला आन उजवा हात दिला. तिनंबी हात दिला. वीतभर कमी पडला, भान्या. मी वरनं बघत व्हते. वराडले, पर मानसं लांब. तिनं हाकबी मारली न्हाई. नुसती ह्येच्याकडं बघत व्हती. बघता बघता खाली गेली."

"अण्णांना पोहता येत नव्हतं?"

"कुनालाच येत नव्हतं. दुसऱ्या दिशी गळ टाकून काडली. तवापासून ह्यो मळ्यात गेला न्हाई. खांबावर चढाय लागला. पान्यापासून जेवढं उच्चावर जाता यील तेवढा ग्येला."

खाटेवर अण्णांचा हात पुढे सरकत होता. आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं की नाही कोण जाणे. आत्यानं ते पाहिलं आणि पदर खोचला.

"पान्यात मेलेली बाई. तिला परत पान्यात घातलीस. आन वर बघत बसलीस व्हय, नवऱ्याचा हात कसा हलतोय? अगं ती न्यायला लागलीय त्येला." तिनं बाही मागे सारली आणि घंगाळात हात घालायला वाकली.

आईनं तिचं मनगट धरलं. आई अंगानं किरकोळ होती आणि आत्या शेतात राबलेली, पण ते मनगट पुढे गेलं नाही.

"वन्सं, हात काढा."

"शेवंते, याड लागलं का तुला?"

"बोलून घातलेत देव. ह्यांच्याच हातानं निघतील. एक निघाला तरी नवस मोडला."

"ती देव हाय व्हय?"

"माझ्या तबकात व्हती. मला सगळी सारखीच."

आत्या त्याच दिवशी परतीच्या गाडीला गेली. शेंगांची पिशवी तेवढी ठेवून. जाताना मला म्हणाली, "काय झालं तर मला कळवू नगंस. मला आत्ताच कळलंय."

तिला एसटीत बसवून मी परत आलो तेव्हा आई मागच्या पायरीवर ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो.

"विसरलीस ना तू?" मी विचारलं. "घाईत सगळं तबक पालथं केलंस."

"व्हय. पहिल्या दिवशी विसरले." तिनं एक खडा वेचून लांब टाकला. "तुझ्या वयापरीस जास्त वर्सं हळदकुंकू लावलं तिला. देवांत राहून राहून देवच झाली व्हती ती. ध्यानातच आलं नाही."

"पहिल्या दिवशी म्हणजे? मग आठवलं कधी?"

"बोट हललं तवा."

ती सुपात बघत होती.

"म्हणजे तुला इतके दिवस माहीत होतं. मग तेव्हाच का नाही काढलंस तिला?"

"भानू," ती म्हणाली, "मी किती चोळला रे त्यो हात. हात जोडले त्याला, शिव्या दिल्या, मांडीवर घिऊन झोपले. माझ्यासाठी हलला का एकदा तरी? तिच्यासाठी हलला." सूप पाखडून तिनं कोंडा उडवला. "मग हलू दे की."

"आणि तिचं काय?"

"तिचं काय? ती बी बायकोच हाय त्यांची. नवऱ्याच्या दुखण्यात बायकोनं सोसायचं न्हाई तर कुणी?"

मी अर्थशास्त्राचा माणूस. यातला हिशोब मला कळत होता आणि तोच मला नको होता. मी ठरवलं होतं की आई देवळात गेली की तो टाक गुपचूप काढून माळ्यावर ठेवून द्यायचा. अंधश्रद्धा म्हणून नव्हे, नुसती टापटीप म्हणून. पण आईनं देवळात जाणंच सोडलं. देव घरी पाण्यात असताना देवळात जाऊन कुणाला भेटायचं, असं ती म्हणायची.

ज्या दिवशी हात पोचला, त्या दिवशी रविवार होता. जेवणं झाली होती. वीज गेलेली, पंखा बंद, गल्लीत कुत्रंही फिरत नव्हतं. मी सतरंजीवर आडवा होतो. आधी तो श्वास ऐकू आला. नेहमीसारखा एकदाच नाही. घाईनं, लागोपाठ.

मी उठून बसलो. अण्णा कुशीवर वळून खाटेच्या काठावर पालथे पडले होते. स्वतः वळले होते. उजवा हात पुरता लांब केलेला आणि बोटांची टोकं पाण्याला लागलेली. पाणी काठाला डुचमळत होतं.

"धर," अण्णा म्हणाले. स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात. नव्हे, पूर्वीच्याही पूर्वीच्या. तो आवाज माझ्यापेक्षा लहान माणसाचा होता. "धर की गं."

हात पाण्यात गेला. मनगटापर्यंत गेला. मग कोपरापर्यंत गेला.

घंगाळात पाणी वीतभर होतं. त्या घंगाळात मी लहानपणी आंघोळ केली आहे, त्याचा तळ मला ठाऊक आहे. अण्णांचा हात कोपराच्या वर, दंडापर्यंत आत होता, आणि सरळ होता. मोजमापात माझी चूक होऊ शकते. त्या क्षणी मी मोजत नव्हतो. खाट एका बाजूनं उचलली जात होती आणि अण्णा खाली चालले होते. मी झेप घेऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांच्या अंगातून विहिरीच्या तळाचा गारवा येत होता. मला माझ्या दातांचा आवाज ऐकू येत होता.

"आई," मी ओरडलो.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून कोण जाणे. ती पुढे आली नाही.

"धरून ठेव त्यांना," ती म्हणाली. "पण ओढू नको. त्यांचं त्यांना वढू दे."

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग अण्णांच्या पाठीत काहीतरी ताठरलं. खांबावरून जडशीळ तार खेचताना त्यांच्या पाठीत यायचा तो ताठा. दंड बाहेर आला. कोपर आलं. मनगट आलं. हाताबरोबर इतकं पाणी बाहेर आलं की माझी सतरंजी, पेपर, सगळं वाहून उंबऱ्याशी गेलं. घंगाळातलं पाणी मात्र होतं तिथेच होतं.

मूठ घट्ट मिटलेली होती. नखांत हिरवंगार शेवाळ होतं. मी घंगाळात वाकून पाहिलं. तांबं चकचकीत होतं आणि देव नीट दिसत होते. एक सोडून सगळे.

अण्णांनी मूठ छातीवर ठेवली आणि डोळे मिटून धापा टाकल्या. डोळे उघडले तेव्हा ते आमचे अण्णा होते. तोंडाची वाकडी बाजूसुद्धा त्यांचीच.

"अण्णा," मी म्हटलं. मला काय बोलावं सुचेना, आणि न सुचल्यावर माणूस पद्धतशीर होतो. "बाकीचे देव राहिले."

त्यांनी घंगाळाकडे नजर टाकली. "राहू दे त्यांना," ते म्हणाले. "देवांना येतं पोहायला."

कित्येक महिन्यांनी केलेला हा त्यांचा पहिला विनोद. मी हसलो आणि हसता हसता मला हुंदका आला. अण्णांनी आईकडे पाहिलं, या वेळी ओळखून. "अगं, भूक लागलीय."

आईनं भाकरी आणि ताक आणलं. टाक उशाशी ठेवून ते उजव्या हातानं जेवले. घास तोंडापर्यंत जाताना थरथरत होता, पण वाटेत सांडला नाही. आई समोर बसून प्रत्येक घासाबरोबर आपलंही तोंड उघडत होती, लहान पोराला भरवताना बायका उघडतात तसं. जेवण होताच त्यांनी टाक पुन्हा मुठीत घेतला आणि ते झोपले. गाढ. घोरण्याचा आवाज ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. बोटांच्या सुरकुत्या गेल्या होत्या. खोलीत ताकाचा आणि तेलाचा वास होता, दुसरा कसलाही नाही.

मी ओली जमीन पुसली. डॉक्टरांकडे पेढे घेऊन जायचं ठरवून शर्ट घातला. आईला म्हटलं, "आता त्या बाईचा टाक गळ्यात घाल किंवा देव्हाऱ्यात ठेव, जे रीतीनं असेल ते. बाकीचे देव उद्या अण्णाच काढतील. संपलं एकदाचं."

"डॉक्टर काय म्हणाले व्हते?" आईनं विचारलं.

"कशाबद्दल?"

"पायाबद्दल."

"पायाचं अवघड म्हणाले होते. पण हात आला ना? घरात बसून सगळं करता येईल त्यांना."

"घरात बसून," आई म्हणाली.

ती खाटेशी गेली. अण्णांच्या छातीवरची मूठ तिनं आपल्या तळहातावर घेतली आणि बोटं एकेक उघडली. रोज सकाळ-संध्याकाळ ती ते करत आली होती, त्यामुळे अण्णा जागे झाले नाहीत. टाक तिच्या हातात आला. तिनं तो पदरानं पुसला. कुंकवाचं बोट टेकवलं. मला वाटलं, आता गळ्यात बांधेल.

तिनं घंगाळाशी बसून तो पाण्यात सोडला. तो तिरका होत तळाशी गेला आणि भवानीला टेकला.

"आई, काय करतेस तू?"

"नवस पुरा झालाय कुठं? बाकीचं सगळं आतच हाय की."

"तिला त्यांनी बाहेर काढलंय. मी पाहिलंय. तूही पाहिलंयस."

"म्हणूनच," ती म्हणाली. "जरा हात लाव."

मी हात लावला नाही. तिनं पदर खोचला आणि घंगाळाच्या कड्या धरून ते एकटीनं ओढलं. मधल्या खोलीतून सोप्यात, सोप्यातून पार पुढच्या दारापर्यंत. शहाबादी फरशीवर तांबं कर्रकर्र वाजत गेलं आणि पाणी थेंबभरसुद्धा सांडलं नाही. उंबऱ्याशी, जिथून खाट दिसते आणि जिथपर्यंत कुठल्याही माणसाचा हात पोचू शकत नाही, तिथे तिनं ते टेकवलं. मग शेजारी मांडी घातली.

"थोरल्या बाई," ती पाण्याकडे बघत, सासरच्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हात आला. तुमचे उपकार हायेत. पाय राहिलाय. अजून थोडं सोसा."

ती जरा थांबली. मान कलती करून, पलीकडचा काय म्हणतोय ते नीट ऐकून घ्यावं तशी.

"हो," ती म्हणाली. "ठाऊक हाय मला. मी बी तेच केलं असतं."

मधल्या खोलीत खाट करकरली. मी वळून पाहिलं. अण्णा उठून बसले होते. रिकाम्या तळहाताकडे बघून झालं होतं आणि आता ते सोप्यातून, माझ्या पलीकडे, दाराकडे बघत होते. डावा पाय त्यांनी जमिनीवर टेकवला. मग उजवा पाय, जो इतके महिने दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा खाटेवर पडून होता, त्याचा अंगठा फरशी चाचपायला लागला.

मी पुढे झालो.

"भानू," आई उंबऱ्यातून म्हणाली, "मधी येऊ नकोस."